शुक्रवारची अठ्ठावीस मिनिटं

सिद्रा, शनिवार, ५ जून २०१०

रय्या,

सलाम. तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कारण मला तुझ्या तब्येतीबद्दल नाही, तुझ्या मशीनबद्दल लिहायचंय.

फोन करू नकोस. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला ऐकायचं नसतं. पत्र बसवाल्याकडे दिलंय, उत्तर त्याच्याच हाती दे. आणि हाताने लिही. मागच्या वेळी छापून पाठवलंस, तर तुझ्या काकूला वाटलं कोर्टाची नोटीस आली.

चाळीस वर्षं मी या गावच्या पाटाच्या पाळ्या सांगितल्या. दिवसा सावलीचा खांब, अंधारात तारे. अर्ध्या तासाची एक पाळी, आठवड्याच्या तीनशे छत्तीस, की परत पहिल्यापासून. खल्फानच्या बेचाळीस, कुणाच्या दहा, कुणाच्या दोन. झुवैनाची एकच. मार्चमध्ये तू आलीस, पंचांसमोर कम्प्युटर उघडलास आणि म्हणालीस, आता मस्कतमधलं मशीन ज्याच्या त्याच्या मोबाईलवर सांगेल, तुमचं पाणी सुरू, तुमचं पाणी संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, माझ्या भावाची मुलगी म्हणून.

झुवैनाची पाळी शुक्रवारी दुपारी दीड ते दोन. काल तिला मेसेज आला, पाणी सुरू. तिने पाटाच्या तोंडातला दगड काढला, चिंधी काढली, पाणी पहिल्या आळ्यात शिरतंय तोवर दुसरा मेसेज, पाणी संपलं. दोन मिनिटं! हा तिसरा शुक्रवार. पहिल्या दोन वेळा मला वाटलं म्हातारीला मोबाईल कळत नाही. काल मी तिच्या शेजारी उभा होतो.

सात खजूर, चार लिंबं आणि शेळ्यांपुरता एक वाफा गवत. तेवढीच तिची बाग. या उन्हात एक पाळी चुकली की फळ झाडावरच सुरकुततं, हे तुला सांगायला नको. की मस्कतला जाऊन तेही विसरलीस?

तुझ्या मशीनचं घड्याळ मागे पडतंय. बघ.

हुमैद

*

मस्कत, सोमवार, ७ जून

प्रिय काका,

हाताने लिहितेय. अक्षर वाचता आलं नाही तर कटकट करायची नाही.

तुमचं पत्र वाचल्या वाचल्या घड्याळ तपासलं. शेजारच्या चार मशीनशी लावून पाहिलं, एका सेकंदाचा फरक नाही. आमच्याकडे सगळ्यांना वेळ सांगायला म्हणून एक वेगळं मशीनच आहे, बाकीची त्याला विचारून चालतात. त्याच्याशीही लावून पाहिलं. बरोबर. पाच घड्याळं एक सांगतात आणि तुमचा खांब दुसरं सांगतो, तर मी कुणाचं ऐकू?

रागावू नका, पण सूर्य घड्याळासारखा चालत नाही. वर्षभर थोडा पुढे-मागे होतो. शिवाय खल्फान त्याची पिकअप त्या खांबाभोवतीच्या खुणेच्या दगडांवर लावतो, हे मी मार्चमध्ये स्वतः पाहिलंय. एखादा दगड सरकला असेल.

आणि मेसेज कधी कधी डोंगरात अडकतात. झुवैना खालाला सांगा, मोबाईल गच्चीवर ठेव.

एक विचारते. तुमच्या झाडाच्या पहिल्या पिकल्या खजुरांची टोपली दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात येते. या वर्षी कुठाय? ऑफिसातले सगळे विचारतायत.

तुमची रय्या

*

सिद्रा, शनिवार, १२ जून

रय्या,

खांब सोड. सूर्य सोड. रेडिओ घे. दुपारी दोनच्या बातम्यांआधी टूं-टूं वाजतं, ते सरकारी आहे, त्यावर खल्फान पिकअप लावत नाही. आठवडाभर मी रेडिओ मांडीवर घेऊन बसलो. दोन वाजता ज्याची पाळी सुरू होते, त्याला तुझा मेसेज कधी येतो ते लिहिलं:

शनिवारी दोन वाजून चार मिनिटं.
रविवारी आठ.
सोमवारी बारा.
मंगळवारी सोळा.
बुधवारी वीस.
गुरुवारी चोवीस.

आणि काल शुक्रवार. झुवैनाला दीड वाजता यायचा मेसेज एक अठ्ठावन्नला आला. आणि दोनला, टूं-टूंच्या बरोबर, संपलं!

आता मला सांग शिकलेल्या बाई, सूर्य दर शुक्रवारी दोन वाजता उडी मारतो का? मेसेज आठवडाभर डोंगरात अडकून शुक्रवारी जेवायच्या वेळी सुटतात का?

झुवैनाने मोबाईल गच्चीवर ठेवला होता. उन्हाने तापून बंद पडला. तुझ्या सल्ल्याचा आजवर झालेला फायदा एवढाच.

टोपलीचं बसवाल्याला विचार.

हुमैद

*

मस्कत, मंगळवार, १५ जून

प्रिय काका,

बसवाला म्हणतो, टोपली त्याच्याकडे कुणी दिलीच नाही.

तुमची यादी भिंतीला चिकटवली आणि तिच्यासमोर दोन तास बसले. माफ करा. तुमचं बरोबर आहे. ऑफिसात दर शुक्रवारी दोन वाजता सगळी मशीन आपोआप बंद होऊन परत चालू होतात. मी वेळापत्रक काढून पाहिलं. नमाज झाली, जेवण झालं, सगळा देश आडवा झालेला असतो, म्हणून ती वेळ ठेवलीय. चालू होताना मशीन खरी वेळ उचलतं आणि लगेच परत मागे पडायला लागतं.

मागे का पडतं ते सांगते, शांतपणे वाचा. ज्याला तुम्ही माझं मशीन म्हणता ते खरं मशीन नाहीये. एक मोठं खरं मशीन आहे, त्याच्या पोटात सोळा भासाची मशीन चालतात. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत. त्यांच्याकडे स्वतःचं घड्याळ नसतं. मोठं मशीन त्यांना टिचक्या मारतं, सेकंदाला हजार, आणि ती त्या मोजून वेळ काढतात. मार्चमध्ये पोटात आठ होती, एप्रिलनंतर सोळा झाली. मोठ्याला काम जास्त झालं की याच्या काही टिचक्या मारायच्या राहून जातात. याला ते कळत नाही. न मिळालेली टिचकी कशी मोजणार?

हे सगळं मांडून ठेवणाऱ्याने घोळ घातलाय, आमच्यातलाच कुणीतरी. असो. आता दुरुस्ती: आधीची वेळ सुधारायची सोय होतीच, तिच्या जोडीला मी मोठ्या मशीनकडूनही वेळ घ्यायची दुसरी सोय चालू केलीय. दोन दोन सुधारणारे, आता चुकायची सोयच नाही.

निश्चिंत राहा.

रय्या

*

सिद्रा, शनिवार, १९ जून

निश्चिंत!

बुधवारी सकाळी खल्फानला मेसेज आला, पाणी सुरू. त्याने दगड काढला. मेसेज आला, संपलं. दगड लावला. परत सुरू. परत संपलं. अर्ध्या तासात सहा वेळा! पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, हातात दगड, पाटाच्या काठाने इकडून तिकडे, आणि पलीकडून त्याच्या पुढच्या पाळीचा मर्हून ओरडतोय, "अरे, मलाही सुरू म्हणतंय! तू बाजूला हो!" शेवटी दोघं एकाच दगडाला धरून ओढत होते. वय दोघांचं साठच्या पुढे.

तुझे दोन सुधारणारे म्हणजे एका गाढवाला दोन बाजूंनी ओढणारे दोन शहाणे. एक म्हणतो पुढे, दुसरा म्हणतो मागे. एक काढून टाक, आजच्या आज.

आणि काल शुक्रवारी झुवैनाला परत दोनच मिनिटं.

संध्याकाळी सबल्यात, गावच्या बैठकीच्या दालनात, सगळे जमले. कॉफी फिरली, मग मी विषय काढला. खल्फान काय म्हणाला ऐक. "बुधवारचा तमाशा सोडला तर मशीन झकास आहे. तीनशे छत्तीस पाळ्यांपैकी तीनशे पस्तीस नीट. एका म्हातारीचं काहीतरी होतंय, तर तिच्या मोबाईलचंच असेल." सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, ती एक जर तू असतास तर? तो म्हणाला, "मी आहे का?"

कुणी चोरलं म्हणून सांगता येत नाही. कुणाच्या बागेत जास्तीचं पाणी दिसत नाही. मग जातं कुठे तिचं पाणी? चाळीस वर्षांत माझी पाळी कधी चुकली नाही असं म्हणत नाही. एकदा ढग होते, एकदा तुझ्या काकूशी भांडण झालं होतं. पण चुकली की दिसायची. लोक येऊन दार वाजवायचे. हे कसलं मशीन, जे रोज चुकतं आणि भोगते एकटी झुवैना!

फळ सुरकुतायला लागलंय. रोज बघतोय.

हुमैद

*

मस्कत, मंगळवार, २९ जून

प्रिय काका,

दहा दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. आता आहे. थोडी लाजही आहे, म्हणून आधी तीच उरकते.

दुसरा सुधारणारा त्याच दिवशी बंद केला. तरी घड्याळ मागेच. मग आमचे साहेब, मुराद सर, माझ्या डोक्यावर उभे. "रय्या, एका गावच्या पाटासाठी तू ऑफिसचे आठ दिवस खाल्लेस." मी म्हटलं, सर, गावचा पाट नाही, आपली सोळाच्या सोळा घड्याळं मागे आहेत. ते म्हणाले, "मग कुणीच तक्रार कशी केली नाही?" मी म्हटलं, सगळीच सारखी मागे आहेत म्हणून! माझ्या मनगटावरचं घड्याळ त्यांच्या टेबलावर आपटलं. काच गेली.

काका, आठवतंय, मी लिहिलं होतं की सगळ्यांना वेळ सांगणारं एक वेगळं मशीन आहे? ते वेगळं नाहीये. तेही त्याच पोटात बसलेलं सतरावं भासाचं मशीन. त्याच्याही टिचक्या चुकतात. बाकीची सोळा बिचारी आज्ञाधारक, त्याला विचारतात आणि त्याच्याबरोबर मागे पडतात. मी एकाची दुसऱ्याशी तुलना करत बसले. पाच घड्याळं एक सांगतात म्हणून तुम्हाला शिकवत होते.

ते सतरावं तिथे कुणी बसवलं? मागच्या पत्रात "आमच्यातलाच कुणीतरी" लिहिलं होतं. मी बसवलं. एक खरं मशीन अडवायला नको, जागा वाचेल म्हणून. सरांनी तेव्हा शाबासकी दिली होती.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, पाणी जातं कुठे. मी हिशोब मांडला आणि खुर्चीतून उठले. अठ्ठावीस मिनिटांना तीनशे छत्तीसने भागा. पाच सेकंद. घड्याळ हळू चालतं म्हणून प्रत्येकाची पाळी पाच सेकंद लांबते. पाच सेकंद कुणाला दिसणार? खल्फानला नाही, मर्हूनला नाही. आठवडाभर साचत साचत शुक्रवारी दोन वाजता मशीन बंद-चालू होतं, घड्याळ एकदम खऱ्या वेळेवर येतं, आणि त्या क्षणी ज्याची पाळी असेल त्याची पूर्ण अठ्ठावीस मिनिटं जातात. तिची चोरी नाही झाली. तिचं पाणी गावभर वाटलं गेलं, चमचा चमचा.

दुरुस्ती: माझ्या टेबलाखाली एक जुना खरा कम्प्युटर पडलेला होता, धूळ खात. आता वेळ तो सांगतो. भासाच्या मशीनना टिचक्या मोजायचं बंद करून मोठ्याने स्वतः मोजलेला आकडा बघायला लावलंय, आणि चुकलंच तर उडी मारायची नाही, हळूहळू सरकून जुळवायचं. दोन दिवस झाले, दर तासाला बघतेय. काल जेवताना पण बघत होते. बरोबर आहे.

शुक्रवारी रेडिओ घेऊन उभे राहा.

रय्या

*

सिद्रा, शनिवार, ३ जुलै

रय्या,

उभा राहिलो. दीड वाजता सुरू, दोनला संपलं, मधे अर्धा तास पाणी. झुवैना म्हणाली, "आज काय झालं मशीनला?" मी म्हटलं, बरं झालं. ती म्हणाली, "बघू."

लाज वगैरे सोड. चूक कुणाची हे मला तुझ्या दुसऱ्याच पत्रात कळलं होतं. ज्याची चूक नसते तो इतकं समजावत बसत नाही. काचेचे पैसे मागू नकोस.

पण एक काम राहिलंय. घड्याळ बरोबर झालं, पाणी परत आलं नाही. सहा शुक्रवार गेले तिचे. ते कोण देणार?

काल परत बैठक घेतली. तुझा हिशोब वाचून दाखवला, पाच सेकंद, तीनशे छत्तीस. मग मी म्हटलं, सहा आठवडे प्रत्येकाने पाळीमागे पाच सेकंद घेतले, आता सहा आठवडे पाच सेकंद परत करा. एकदम गलका! तिची अठ्ठावीस मिनिटं गेली तेव्हा नुसत्या माना हलवणारे लोक, रय्या, पाच सेकंद द्यायचे म्हटल्यावर असे उठले, जशी मी त्यांची विहीर मागतोय. खल्फान म्हणाला, "माझ्या बेचाळीस पाळ्या! म्हणजे साडेतीन मिनिटं होतात!" मर्हून म्हणाला, "इतका पटकन हिशोब येतो तुला? मग सहा आठवडे काय बोटं मोडली होती?" सगळा सबला हसला. हसल्यावर नाही म्हणता येत नाही. ठरलं.

तर आता ते मशीन उलटं चुकव. जेवढं चुकलं तेवढंच, सहा आठवडे.

झुवैनाला यातलं काही सांगायचं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, मला कुणाचं नको. तिला माहीत नाही असंच राहू दे.

हुमैद

*

मस्कत, मंगळवार, ६ जुलै

काका,

महिनाभर मी घड्याळ बरोबर करायला डोकं आपटलं. बरोबर झालं. आणि आता तुम्ही म्हणता बिघडव!

नाही. घड्याळाला हात लावणार नाही. त्यावर आता पंधरा इतर लोकांची कामं चालतात, आणि मुराद सर मला टेबलाखालच्या कम्प्युटरशेजारी बसवतील. पण पाळ्यांच्या यादीला हात लावते, ती आपलीच आहे. येत्या शुक्रवारी दोनपासून पुढे सहा आठवडे प्रत्येक पाळी पाच सेकंदांनी लहान, आणि जे उरेल ते खालाच्या पाळीत. तिला मेसेज एक वाजून दोन मिनिटांनी येईल, संपलं दोनला.

एक अडचण. तिची स्वतःची पाळी सोडून तीनशे पस्तीस पाळ्या उरतात, त्यांचे होतात सत्तावीस मिनिटं पंचावन्न सेकंद. पाच सेकंद कमी पडतात. ते कुणाकडून आणू? मीच देईन म्हटलं असतं, पण माझी पाळीच नाही.

सरांनी विचारलं, "हे काय करतेयस?" मी म्हटलं, दुरुस्ती. ते म्हणाले, "ती तर झाली ना?" मी म्हटलं, अर्धी.

टोपलीचं तुम्ही तिसऱ्यांदा टाळलंत. माझ्यावर राग असेल तर तसं लिहा, खजुरावर कशाला काढता?

रय्या

*

सिद्रा, शनिवार, १७ जुलै

रय्या पोरी,

मी झुवैना. लिहितेय तुझी काकू, कारण मला लिहिता येत नाही आणि तुझ्या काकाला हे कळायला नको. (मी जसंच्या तसं लिहितेय. अक्षर माझं, राग तिचा. काकू.)

मशीन बरं झालं म्हणतात, खोटं आहे. काल मी जेवत होते, एक वाजून दोन मिनिटं झाली असतील, आणि टिंग! पाणी सुरू. दीड वाजलेच नव्हते! भात तसाच टाकून पळाले. या वयात पळायला लावतेस. बरं, सोडलं पाणी. सातही खजूर झाले, लिंबं झाली, गवताचा वाफा तुडुंब झाला, शेळी पाण्यात उभी. मोबाईलकडे बघतेय, संपलं म्हणतच नाही! आधी दोन मिनिटांत ओरडायचा, आता मुका. माझा अर्धा तास मला अंगाने कळतो, पन्नास वर्षं दारं धरतेय. अर्ध्या तासाच्या पुढे जे येत होतं ते माझं नव्हतं. बांध फुटायला आला. दुसऱ्याचं पाणी घेऊन मी कुठे जाऊ?

म्हणून वळवलं. शेजारीच तुझ्या काकाची बाग आहे, मधे एक दगड काढला की झालं.

तुला माहीत नसेल, तो सांगणार नाही. पाळ्या सांगायचे म्हणून गावाने त्याला दिलेली जी एक पाळी आहे ना, शनिवारी सकाळची, ती तो दर आठवड्याला माझ्याकडे सोडत होता. मी म्हटलं, हुमैद, तुझी झाडं? तो म्हणाला, "माझं मला बघू दे, तुझं मशीनने खाल्लंय, आणि मशीन आमच्या घरातलं आहे." सहा शनिवार. माझी झाडं वाचली. त्याच्या एकाही झाडाला या वर्षी खाण्यासारखा खजूर नाही, सगळे सुरकुतून खाली. (टोपली कशी येणार होती, रय्या? एकदा बसवाल्याच्या नावाने, दोनदा विषय टाळून बिचाऱ्याने तीन पत्रं काढली. काकू.)

आज सकाळी तो बागेत गेला आणि आळ्यांकडे बघत उभा राहिला. भरलेली. मला विचारतो, "झुवैना, रात्री पाऊस झाला का?" मी म्हटलं, जुलैत? म्हातारा झालास.

या बसने टोपली पाठवलीय. खजूर माझ्या झाडाचे आहेत, त्याच्याच पाण्यावर पिकलेले, तेव्हा त्याचेच समज. ऑफिसात वाट, त्या आरडाओरडा करणाऱ्या साहेबालाही दे.

आणि घड्याळ नीट कर. पण घाई करू नकोस. सहा आठवडे लागले तरी चालतील.

झुवैना